रंग नेमका असतो कुठे? काउंटरवर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकला रविवार कारंजाच्या बाजूला आमचं रंगाचं दुकान आहे. भौतिकशास्त्रात बी.एस्सी. केलं आणि वडिलांच्या काउंटरवर उभा राहिलो, तेव्हापासून लोक डबाही मागतात आणि प्रश्नही विचारतात. डब्याचा हिशेब दोन मिनिटांत होतो. प्रश्नाला वेळ लागतो आणि मागचं गिऱ्हाईक खोळंबतं. म्हणून नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं एकदाची लिहून काढली आहेत.

दुकानात पसंत केलेला रंग घरच्या भिंतीवर वेगळा का दिसतो? डब्यात काही गडबड असते का?

गडबड असेल तर उजेडात असते. रंग दिसायला तिघं लागतात: उजेड, वस्तू आणि डोळा. तिघांपैकी एक बदलला की रंग बदलला. डब्यात असतं ते रंगद्रव्य. त्याचं काम एवढंच, की पडलेल्या उजेडातला काही भाग गिळायचा आणि उरलेला परत पाठवायचा. जो भाग उजेडात आलाच नाही, तो परत कुठून पाठवणार?

दुकानात असते पांढरी ट्यूब, घरी हॉलमध्ये पिवळसर एलईडी. खोक्यावर 3000 केल्विन लिहिलेलं असेल तर उजेड उबदार, पिवळट. 6500 असेल तर निळसर पांढरा, ढगाळ दुपारसारखा. पण केल्विनचा आकडा सारखा असला म्हणून दोन दिवे सारखे होत नाहीत. बहुतेक पांढऱ्या एलईडीत निळी चकती असते आणि तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं, पण त्यात गडद लाल बहुधा तुटपुंजा असतो. डाळिंबी, राणी, गडद मरून हे रंग स्वस्त एलईडीखाली मेलेले दिसतात ते त्यामुळे. खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा शोधा, दिवा रंग किती नीट दाखवतो ते तो सांगतो. 80 चालतो, 90 च्या वर असेल तर उत्तम.

आता माझी फजिती. एका बाईंनी पडद्याच्या कापडाचा तुकडा आणून दिला, राखाडी, जरा हिरवटपणाकडे झुकणारा. "अगदी हाच द्या." मी ट्यूबखाली डोळ्यांनी जुळवला, दोन्ही शेजारी धरले, तसूभर फरक नव्हता. 20 लिटर रंग गेला. भिंती झाल्या आणि संध्याकाळी फोन आला: "दादा, भिंत गुलाबी दिसते." जाऊन पाहिलं तर खरंच. पडदा राखाडी आणि भिंतीवर गुलाबी झाक. दोन वेगळ्या रंगद्रव्यांची मिश्रणं एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्यात फारकत घेतात. याला मेटामेरिझम म्हणतात. कापडाचा रंजक वेगळा, माझ्या मशीनमधले कलरंट वेगळे, ट्यूबखाली योगायोगाने दोघांचा सूर लागला होता. रंग मी पदरचे पैसे घालून बदलून दिला. आता कापड आलं की आधी स्पेक्ट्रोखाली धरतो. ते यंत्र उजेडाच्या प्रत्येक पट्ट्यात किती टक्के परत येतंय ते मोजतं. तरीही शेवटी फूटपाथवर उन्हात नेऊन दाखवतोच.

मॅचिंग सेंटरमध्ये बायका ब्लाउजपीस घेऊन रस्त्यावर येतात, त्यांना कुणी मेटामेरिझम शिकवलेलं नसतं. पण चाचणी हीच.

मग वस्तूचा खरा रंग कोणता?

असा रंग नसतो. सोयीसाठी आपण दिवसाच्या उजेडातला रंग खरा धरतो, एवढंच.

त्यात मेंदूही लबाडी करतो. दिव्याच्या पिवळ्या उजेडात कागद पिवळाच असतो, पण आपल्याला तो पांढरा दिसतो, कारण मेंदू उजेडाचा रंग अंदाजाने वजा करून टाकतो. 2015 मध्ये एका झग्याचा फोटो जगभर फिरला. कुणाला तो निळा-काळा दिसला, कुणाला पांढरा-सोनेरी. फोटोत उजेड कसला आहे हे कळत नव्हतं, म्हणून प्रत्येकाच्या मेंदूने आपापली वजाबाकी केली. झगा प्रत्यक्षात निळा-काळा होता. आमच्या घरी मात्र अजून एकमत नाही.

पांढऱ्या उजेडात सगळे रंग असतात हे कुणी दाखवलं?

न्यूटनने. 1666 च्या सुमारास त्याने अंधाऱ्या खोलीत फटीतून आलेलं ऊन लोलकातून सोडलं आणि 1672 मध्ये ते प्रसिद्ध केलं. लोलकातून रंगपट्टा पडतो हे आधीही ठाऊक होतं, पण काच उजेडाला रंगवते अशी समजूत होती. न्यूटनने पट्ट्यातला एकच रंग वेगळा काढून दुसऱ्या लोलकातून नेला. तो आणखी फुटला नाही, बदललाही नाही. म्हणजे रंग काचेने घातलेला नव्हता, उजेडात आधीपासून होता.

उजेडाच्या लहरींची लांबी मोजली तर आपल्याला दिसणारा पट्टा साधारण 400 ते 700 नॅनोमीटरचा, जांभळ्याकडे आखूड लहरी आणि लालकडे लांब. जांभळ्याच्या अलीकडे आणि लालच्या पलीकडे उजेड आहेच, फक्त आपल्या डोळ्याला त्याचं सोयरसुतक नाही.

निळ्यात पिवळा मिसळला की हिरवा होतो. मग मोबाइलमध्ये लाल आणि हिरवा मिळून पिवळा कसा?

हा प्रश्न एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या चित्रकला परीक्षेला बसणारी मुलं विचारतात आणि पालक त्यांना "नंतर" म्हणून ओढून नेतात. खरं तर दुकानातला सगळ्यात चांगला प्रश्न हाच आहे.

आधी डोळा. डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मागच्या बाजूला शंकूच्या आकाराच्या तीन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार आखूड लहरींना जास्त दाद देतो, म्हणजे निळ्याकडच्या. दुसरा मधल्या लहरींना आणि तिसरा लांब लहरींना. मेंदूला कळतात ते फक्त या तिघांचे आकडे. झेंडूकडून येणारा पिवळा असो किंवा लाल-हिरव्याचं मिश्रण असो, तिघांचे आकडे तेच आले की मेंदू म्हणतो पिवळा. मोबाइलच्या पडद्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा, पडदा पांढरा करा आणि थेंबातून पाहा. थेंब भिंगाचं काम करतो आणि लाल, हिरवे, निळे ठिपके सुटे दिसतात. आता पडदा पिवळा करा, निळे विझतात. पिवळा ठिपका तिथे एकही सापडणार नाही. इथे उजेडात उजेड मिळतो, म्हणून ही बेरीज.

रंगपेटीत मात्र वजाबाकी चालते. पिवळं रंगद्रव्य निळा उजेड गिळतं आणि लाल-हिरवा परत देतं. निळं रंगद्रव्य लाल गिळतं, पण निळ्याबरोबर थोडा हिरवाही सोडतं. दोघांच्या तावडीतून सुटतो तो एकटा हिरवा. म्हणजे हिरवा तयार झाला नाही, तो वाचला.

म्हणूनच कोणता निळा घेता याला महत्त्व आहे. लेमन यलोत प्रशियन ब्लू घाला, हिरवा टवटवीत येतो, कारण त्या निळ्यात हिरव्याचा अंश चांगला असतो. तोच लेमन यलो अल्ट्रामरिनमध्ये घातला तर शेवाळी, दमलेला हिरवा येतो. अल्ट्रामरिन जांभळ्याकडे झुकलेला, हिरवा फारसा सोडत नाही, मग वाचायला उरतं काय? मुलाच्या चित्रातली झाडं मरगळलेली असतील तर मुलाला रागवू नका, ट्यूबवरचं नाव वाचा.

छपाईतही वजाबाकीच, फक्त तिथे शाई आकाशी निळसर, गुलबक्षी, पिवळी आणि जोडीला काळी. वर्तमानपत्रातला फोटो भिंगाखाली धरा, या चारच रंगांचे ठिपके दिसतील.

रंगपंचमीला एका रहाडीतून दुसऱ्या रहाडीत गेलं की शेवटी सगळे मातकट का होतात?

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी: रहाड म्हणजे जुन्या नाशिकच्या चौकांत जमिनीखाली बांधलेला पेशवेकालीन हौद. वर्षभर तो फळ्या आणि माती टाकून बंद असतो, वरून रहदारी चालते. रंगपंचमीला उघडतात, पूजा होते आणि मग रंगीत पाण्यात धप्पा मारायचा. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला, कुठे पिवळा, कुठे केशरी, कुठे गुलाबी.

समजा, आधी पिवळ्यात उडी मारली. पांढऱ्या सदऱ्याने आता निळा उजेड गिळायला सुरुवात केली. मग गुलाबीत गेलात. गुलाबी रंग हिरवा उजेड गिळतो. निळा गेला, हिरवा गेला, उरला लाल. सदरा लालभडक केशरी दिसेल आणि छान दिसेल. इथवर ठीक. पण वाटेत कुणीतरी हिरवा रंग फासतोच. तो लालही गिळतो. आता परत पाठवायला जवळजवळ काही उरलं नाही, आणि जे उरलं त्याला आपण मातकट म्हणतो. सगळे रंग मिसळले की पांढरा होतो हे शाळेतलं वाक्य उजेडाचं आहे, सदऱ्याचं नाही.

रंगद्रव्य आणि रंजक यात फरक काय?

रंजक विरघळतो, रंगद्रव्य विरघळत नाही. रहाडीच्या पाण्यातला रंग धाग्याच्या आत शिरतो. भिंतीच्या रंगातले कण मात्र चिकट माध्यमात नुसते अडकून बसलेले असतात, लाडवातल्या बेदाण्यांसारखे. म्हणून डबा उघडल्यावर तळापासून ढवळा. हे मी दिवसातून वीस वेळा सांगतो.

पांढरा रंग पांढरा कशामुळे? त्यात पांढरं असं काय असतं?

काहीच नसतं. मीठ, साखर, दुधाचा फेस, काचेचा चुरा हे सगळे पांढरे आहेत आणि यातलं एकही काही रंगीत गिळत नाही. प्रत्येक कणाच्या पृष्ठावर उजेड वळतो, उसळतो आणि शेवटी सगळाच्या सगळा बाहेर पडतो. तेच पांढरं.

उजेड किती जोराने वळेल हे कण आणि त्याभोवतीचं माध्यम यांच्या अपवर्तनांकातल्या, म्हणजे उजेड वळवण्याच्या ताकदीच्या आकड्यातल्या, फरकावर ठरतं. पांढऱ्या रंगात असतं त्या टायटॅनियम डायऑक्साइडचा अंक 2.7 च्या आसपास, तेल किंवा रेझिनचा सुमारे 1.5. अंतर मोठं, म्हणून एका हातात भिंत झाकते. खडूचा अंक 1.6 च्या घरात. हवेत तो पांढराशुभ्र, पण जवसाच्या तेलात, म्हणजे रंगारी ज्याला बेलतेल म्हणतात त्यात, कालवला की अंतरच उरत नाही. खिडकीच्या काचेला लावायची लांबी, म्हणजे पुट्टी, अशीच बनते आणि म्हणूनच ती मळकट करडी दिसते, पांढरी नाही.

रामकुंडाच्या पायऱ्या पाहा. कोरड्या असताना राखी, पाणी उडालं की काळ्याभोर. दगड तोच. कोरड्या दगडाच्या खरखरीत पृष्ठावरून उजेड जिकडेतिकडे उसळतो आणि वर एक पांढुरकी झाक चढवतो. पाण्याने ते खड्डे भरले की उसळणं कमी होतं, उजेड आत शिरतो आणि आतच गडप होतो.

ओला रंग फिका दिसतो आणि वाळल्यावर गडद होतो. फसवणूक आहे का?

नाही. इमल्शनमधलं माध्यम ओलं असताना दुधासारखं असतं, त्याचे थेंब उजेड विखुरतात. वाळल्यावर ते एकजीव होऊन पारदर्शक होतं, दूध जातं आणि रंग खुलतो.

चुन्याचं नेमकं उलटं. ओला चुना भिंतीवर दिसतसुद्धा नाही, रंगारी हात मारून गेला की मारलाच नाही असं वाटतं. पाणी उडालं, कणांमध्ये हवा आली की पांढरा चढतो. आजोबा म्हणायचे, चुना लावणाऱ्याला पैसे दुसऱ्या दिवशी द्यावेत. त्यांचा अर्थ वेगळा असावा.

पांढऱ्या कपड्यांना नीळ का घालतात? निळे नाही का होत?

जुनं सुती कापड पिवळट होतं, म्हणजे थोडा निळा उजेड गिळायला लागतं. नीळ पिवळ्याचा अंश गिळते आणि तोल साधते. कापड किंचित काळवंडतं, पण डोळ्याला पिवळेपणा जितका खुपतो तितका तो काळेपणा खुपत नाही. हल्लीच्या पावडरींत वेगळी युक्ती असते. त्यातली द्रव्यं न दिसणारा अतिनील उजेड घेतात आणि निळा म्हणून परत देतात. डिस्कोच्या दिव्याखाली बनियन चकाकतं ते यामुळेच.

चॉकलेटी रंगाचा दिवा का मिळत नाही?

कारण चॉकलेटी म्हणजे मंद नारिंगी. शेजारी जास्त उजळ काहीतरी असेल तरच तो चॉकलेटी वाटतो. अंधारात एकटा लावला की नारिंगीच दिसणार. गुलबक्षीचीही अशीच गंमत: इंद्रधनुष्यात तो नाही. लाल आणि निळा एकत्र आले आणि मधला हिरवा गायब असला की मेंदू तो रंग स्वतः रचतो.

हळदीचा डाग साबण लावल्यावर लाल का होतो?

हळदीतला कर्क्युमिन अल्कधर्मी द्रव्याच्या संगतीत आपली रचना बदलतो. रचना बदलली की तो उजेडाचा दुसरा भाग गिळू लागतो. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच तत्त्वावर. डागावर लिंबू पिळा, पुन्हा पिवळा होतो. आणि डाग घालवायचा असेल तर ओला करून उन्हात टाका. कर्क्युमिन उन्हापुढे टिकत नाही. रंगाच्या दुकानात हा सल्ला फुकट मिळतो.

काळ्या द्राक्षांवरची पांढुरकी लव औषधाची असते का?

सगळी नाही. द्राक्ष स्वतःच सालीवर मेणाचा बारीक थर चढवतं. त्याचे कण उजेड विखुरतात म्हणून काळं द्राक्ष निळसर धुरकट दिसतं. बोटाने पुसा, खाली चकचकीत जांभळं-काळं निघेल. फवारणीचा अंशही असू शकतो, तेव्हा धुऊनच खा. सालीतला रंग अँथोसायनिनचा, आणि बहुतेक काळ्या द्राक्षांचा रंग सालीतच असतो. गर फिका. रेड वाइन लाल होते ती रस सालींसकट आंबवतात म्हणून.

नोटेतला धागा हलवल्यावर हिरव्याचा निळा होतो. त्यात कोणता रंग वापरतात?

नाशिकरोडला करन्सी नोट प्रेस असल्यामुळे आपल्याकडे हा प्रश्न घरचा. 500 च्या नोटेतला धागा समोरून हिरवा आणि तिरका धरला की निळा. हे नेहमीच्या रंगद्रव्याला जमत नाही, कारण ते कुठूनही बघा तेच गिळतं. इथे काम करतात अत्यंत पातळ थर. वरून आणि खालून परतलेल्या लहरी एकमेकींत मिसळतात, काही बळावतात आणि काही मारल्या जातात. नोट तिरकी केली की उजेडाचा आतला रस्ता बदलतो आणि बळावणारा रंगही बदलतो. साबणाचा फुगा आणि रस्त्यावर सांडलेलं तेल, दोन्हीकडे हेच घडतं.

नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात जाल तर खंड्या नीट बघा. त्याच्या पाठीचा झगझगीत निळा म्हणजे निळं रंगद्रव्य नव्हे. पिसातल्या केराटिनमध्ये अतिसूक्ष्म पोकळ्या असतात, त्यांच्या रचनेतून फक्त निळा उसळतो. गळलेलं पीस मिळालं तर सूर्याकडे धरून आरपार पाहा, निळा जातो आणि तपकिरी उरतो.

येवल्याच्या पैठणीची धूपछाव मात्र या जातीची नाही, तिथे दोन्ही रंग रंजकाचेच. ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या रंगाचा. पदर वळला की कधी हे धागे जास्त दिसतात, कधी ते. कारागिराने केलेली ही साधी वाटणी आहे, पण हातात घेतली की शास्त्र आठवत नाही.

आकाश निळं का?

हवेतले रेणू आखूड लहरींना फार जास्त विखुरतात. 450 नॅनोमीटरचा निळा 650 च्या लालपेक्षा चौपटीहून जास्त विखुरतो. संध्याकाळी पांडवलेण्यांवरून पाहाल तर सूर्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, निळा वाटेतच सांडतो आणि तांबडा उरतो. समुद्र निळा का, या प्रश्नाने सी. व्ही. रामन यांना 1921 च्या बोटप्रवासात पछाडलं. त्यातून पुढे 28 फेब्रुवारी 1928 चा शोध आणि 1930 चं नोबेल.

दुकानाच्या पाटीवरचा लाल रंग सगळ्यात आधी का उडतो?

लाल रंगद्रव्य निळा-हिरवा उजेड गिळतं, आणि तो लालपेक्षा जास्त ऊर्जेचा. त्यात अतिनीलची भर. रोज एवढं पचवता पचवता सेंद्रिय रेणू तुटतात. निळं फ्थालोसायनिन आणि काजळी चिवट असतात, म्हणून जुन्या फ्लेक्सवरचे पुढारी शेवटी निळसर दिसतात. टिकाऊ लाल हवा असेल तर गेरू घ्या. तो लोखंडाचा ऑक्साइड, म्हणजे आधीच गंजलेला, त्याचं आणखी काय बिघडणार? अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू अजून आहे.

संध्याकाळी लाल जास्वंद काळी का दिसते?

उजेड कमी झाला की शंकूपेशी थकतात आणि दंडपेशी काम हाती घेतात. त्यांना रंग कळत नाही, आणि लाल उजेड तर जवळजवळ दिसतच नाही. म्हणून भिंतीचा रंग तिन्हीसांजेला पसंत करू नका.

नवरा म्हणतो हिरवा, मी म्हणते निळा. बरोबर कोण?

मोरपंखी असेल तर दोघंही. पण त्यांना लाल-हिरव्यातही सतत गोंधळ होत असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. या प्रकारच्या रंगांधत्वाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. पुरुषाकडे ते एकच, दुसरी प्रत नाही, म्हणून हे पुरुषांत जास्त.

तुमच्या शेडकार्डात चिंतामणी रंग का नाही?

शेडकार्डात हजाराच्या वर शेड आहेत, पण चिंतामणी नाही, पारवा नाही, आमसुली नाही, अबोलीसुद्धा नाही. ही नावं साड्यांबरोबर वाढली, कंपन्यांच्या कॅटलॉगात शिरली नाहीत. वाईट वाटतं. किरमिजी म्हणताना किरमिजाचा किडा आठवतो, पारवा म्हणताना छतावरचं कबुतर. शेडकार्डावर नुसते आकडे.

पण अडचण अशी, की चिंतामणी मागायला आलेल्या एकाच घरातल्या दोघी, सासूबाई आणि सूनबाई, वेगवेगळ्या निळ्यावर बोट ठेवतात, आणि दोघींची खात्री सारखीच पक्की. तेव्हा नाव सांगू नका, जुन्या लुगड्याचा तुकडा आणा. निदान दोन इंच रुंद, धुतलेला आणि इस्त्री केलेला. मशीनला सुरकुती वाचता येत नाही.